पान अडतिसावरचे तीस दिवस

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. संगणकावरच्या एका साहसाच्या खेळाबरोबर, त्याच्याच खोक्यात बसून मी जगात आले. माझी चौसष्ट पाने आहेत, मधोमध एक नकाशा आहे आणि बारा चुका आहेत. चुका आधीच सांगून टाकल्या, कारण माझी सारी कहाणी त्यांच्याभोवतीच फिरते.

माझा जन्म एका अरुंद कचेरीत झाला. तिथे खेळ रचणारा प्रोग्रामर आणि मला लिहिणारी बाई पाठीला पाठ लावून बसत. खरे तर खेळ पुरा व्हावा आणि मग मी लिहिली जावी, हे रीतीला धरून झाले असते. पण फ्लॉप्यांच्या प्रती चार दिवसांत निघत, आणि छापखाना मात्र दीड महिना मागे. म्हणून खेळ अर्धवट असतानाच मला लिहून काढले. जे पुढे व्हायचे होते, ते 'आहे' म्हणून लिहिले. सगळा 'बाजारात तुरी'चाच प्रकार!

माझी पाने छापायला गेली, तरी हस्तलिखित लेखिकेच्या टेबलावरच होते. म्हणून पुढचे बोलणे मला ऐकू आले.

प्रोग्रामर म्हणाला, "मेलेल्या सोबत्याला उठवायला तीस दिवसांची मुदत म्हणजे फारच झाली. खेळ पोरकट वाटतो. तीन करून टाकले."

"अहो, पण पुस्तिका छापायला गेली! तिच्यात तीस आहेत."

"असू द्या हो. ती वाचतंय कोण?"

लेखिकेने माझ्या अडतिसाव्या पानाचा कोपरा दुमडला. मग कोपरा सरळ करून तिने मला खणात ठेवले.

वाचणारी होती, मित्रांनो. ती नऊ वर्षांची होती. मी ज्या घरात गेले, तिथे संगणकापुढे एक खुर्ची आणि एक स्टूल होते. खुर्चीवर दादा आणि स्टुलावर, मला मांडीवर घेऊन, त्याची धाकटी बहीण. कळा दादाने दाबायच्या आणि नियम तिने वाचायचे, अशी वाटणी होती. ती इतक्या ठसक्यात नियम सांगे, की वडील तिला 'वकीलबाई' म्हणत. मला असा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता आणि पुढेही मिळाला नाही.

खेळातल्या त्यांच्या टोळीत चौघे होते. त्यांतली तिरंदाज दादाची विशेष लाडकी. सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून त्याने तिला वाढवले होते. एके दुपारी ती दलदलीत मेली. दादा हळहळला आणि म्हणाला, "सकाळी साठवलेला खेळ पुन्हा उघडतो. तिथून परत खेळू."

"कशाला? पान अडतीस! तीस दिवसांत वैद्यगृहात नेलं की उठते ती. तू साठव पुढे."

"नक्की?"

"दादा, छापलंय ना!"

त्यांच्याकडे साठवायला एकच फ्लॉपी होती. नवे साठवले, जुने पुसले गेले. खेळातल्या नऊ दिवसांची वाट तुडवून टोळी वैद्यगृहात पोहोचली, तेव्हा पडद्यावर एकच ओळ उमटली : 'फार उशीर झाला.'

दादाने मला तिच्या मांडीवरून उचलले आणि कपाटावर भिरकावले. "तू आणि तुझं ते पुस्तक! तुझ्यामुळे गेली ती!" स्टूल स्वयंपाकघरात गेले. आठ दिवस तो बहिणीशी बोलला नाही. वडिलांनी एकदा "काय वकीलबाई, आज कोर्ट बंद?" असे विचारले, तर पोरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागले.

कपाटावरच्या धुळीत पडून मी वाट पाहत होते ती रद्दीची. पण स्टूल गुपचूप परत येऊ लागले. दादा मैदानावर गेला, की पोर मला खाली काढी, स्वतःचा निराळा खेळ सुरू करी आणि माझे एकेक वाक्य करून पाही; तो परतायच्या आत स्टूल पुन्हा स्वयंपाकघरात जाई. माझ्या नकाशातला पूल नदीवर नव्हता. माझा चांदीचा खंजीर कोणत्याच दुकानात नव्हता. चूक सापडली, की ती पेन्सिलीने रेघ मारून बाजूला खरे काय ते लिही. रेघ मारताना मात्र ती पान दाबून धरी; फाटू देत नसे. तीन आठवड्यांत अकरा चुका निघाल्या. त्यांची यादी करून तिने कंपनीला पत्र धाडले. शेवटी विचारले होते : 'दादा म्हणतो, माझ्यामुळे झालं. खरं आहे का?'

महिन्याभराने उत्तर आले. आजही ते माझ्याच पानांत आहे.

'तू काढलेल्या अकराही चुका बरोबर आहेत. बारावी तुझ्या नजरेतून सुटली. पान दोनवर लिहिले आहे, "यातील प्रत्येक शब्द खेळाशी ताडून पाहिला आहे." ते खरे नाही. नियम बदलल्याचे मला कळले होते. निदान एक चिठ्ठी छापून खोक्यात घालायला हवी होती, ती मी घातली नाही. दादाला सांग, चूक वाचणारीची नव्हती, लिहिणारीची होती. प्रत्येक शब्द ताडून पाहणारी तूच पहिली.'

तिने ते पत्र दादाच्या वहीवर ठेवले आणि निघून गेली. दादाने ते दोनदा वाचले. मग तो माझी पाने उलटत राहिला, पेन्सिलीच्या रेघा पाहत. थोड्या वेळाने तो स्वतः स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आला.

"ये, वकीलबाई. आणि हे बघ, पेन्सिल विसरू नकोस."

तिरंदाज काही परत आली नाही. फ्लॉप्याही आता चालत नाहीत. वकीलबाईंच्या शेल्फावर मी मात्र अजून आहे. मित्रांनो, छापलेल्या अक्षराला मान द्या, पण एकदा करून पाहा. आणि कुणी चुकलेले सापडले, तर त्याला कपाटावर भिरकावू नका. माझ्या शेवटच्या पानावर दादाच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ आहे, ती मी कधी पुसट होऊ दिलेली नाही : 'चूक तेरावी. तुझ्यामुळे गेली असं मी म्हणालो, ती.'