आत सोडलेलं कापड

आमच्या मास्तरांचा एक नियम आहे. शिवणीच्या आतलं जादा कापड कापायचं नाही. गिऱ्हाईक कितीही काडीपहिलवान असो, ते दोन बोटं कापड आत सोडणार म्हणजे सोडणार. "माणसाचं काही सांगता येत नाही," म्हणतात. उद्या तो सुटला तर शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, की पँट पुन्हा अंगाला. कापलेलं कापड मात्र काही केल्या परत येत नाही. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळं जग त्यांना मास्तर म्हणतं म्हणून मीही म्हणते. खाली दुकान, वर घर. कापणं आणि शिवणं त्यांचं. काजं, बटणं, हातशिलाई आणि इस्त्री माझी. बोलणंही माझंच, कारण त्यांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. त्यात माझ्या जिभेला हाड नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

तर मास्तर जाडे होते. गुटगुटीत वगैरे नाही, सणसणीत जाडे. वाकून गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेतलं की वर येताना टेबल धरायचे. त्यांचे वडीलही तसेच होते, आणि ते मशीनवर बसल्या बसल्या गेले. सुईत दोरा तसाच होता. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मास्तर घोरायचे तेव्हा मी जागी असायची, आणि घोरणं मध्येच थांबलं की जास्तच जागी. पुन्हा सुरू होईपर्यंत माझा जीव टांगलेला. अशी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत.

मग डॉक्टरबाईंनी त्यांना बसवून स्पष्ट सांगितलं. वजन उतरवा, नाहीतर वडिलांच्या वाटेने जाल. बीपीच्या दोन गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "वजन उतरायला लागलं की मला दाखवायला या." त्यातलं "वजन उतरवा" एवढंच मी ऐकलं. घरी येऊन साखरेचा डबा माळ्यावर टाकला, लोण्याचं भांडं शेजारी देऊन टाकलं, आणि मास्तरांच्या ताटात काकडी, सूप आणि उकडलेलं अंडं. सकाळी मी त्यांना हाकलत हाकलत नदीपर्यंत चालवून आणायची. ते बिचारे मुकाट्याने चालायचे.

आणि वजन उतरलं हो. असं उतरलं की लोक रस्त्यात थांबून बघायला लागले. मास्तरांनी जुन्या पँटी वाटून टाकल्या आणि स्वतःसाठी नव्या शिवल्या, तपकिरी, राखाडी, निळी आणि एक काळी. आत दोन बोटं कापड सोडून, अर्थातच. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, मास्तर, काय जादू केलीत? मास्तर टाचण्यांमागून हसायचे, मग उत्तर मीच द्यायची. कुणी कौतुक केलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, मुद्दाम भावाला बघायला आल्या. त्याला मागून पुढून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर लग्नाआधीचा दिसतो गं. तू केलंस हे."

मी म्हटलं, "वन्सं, काय सांगू तुम्हाला. आता घोरत नाहीत. किती वर्षांनी मी निर्धास्त झोपते." बोलता बोलता माझे डोळे भरून आले. मास्तर समोरच कोटाची बाही लावत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत बाहीत घातली.

त्यानंतर त्यांचं काहीतरी बिनसलं. दुपारचं जेवण झालं की मशीनवर डोकं टेकून झोपायचे. जिना चढताना मध्ये थांबायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय असं दाखवायचे. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचे. एकदा बेकरीवाल्या शेठच्या कोटाचं कापड कापताना कात्री खाली ठेवली, टेबलाच्या दोन्ही कडा धरल्या आणि डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आकृती डोळ्यांसमोर आणतोय. मी आपली विश्वास ठेवून मोकळी. वर ऐकवलंही, "बारीक झालात तसे आळशी पण झालात. पूर्वी जाडे होतात तेव्हा निदान काम तरी व्हायचं."

त्यांनी नुसती मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या.

आता कुणी म्हणेल, बाई, तुला दिसत नव्हतं का? नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या घरात नवऱ्याची पँट कमरेवरून घसरायला लागली असती, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं असतं, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं असतं. आमच्याकडे पँट कशी अंगाला चोपून बसलेली. शर्टाचे खांदे जागच्या जागी. शिंप्याच्या घरात माणूस वाळत चाललाय हे कपड्यांनी सांगितलंच नाही.

ते कळलं चिंध्यांच्या पिशवीतून. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलाची गादी फुसकी झाली होती, म्हणून मी ती उसवली आणि भरायला चिंध्या ओतल्या. बहुतेक सगळे तुकडे ओळखीचे होते. हा शेठच्या कोटाचा, हा शाळेच्या गणवेशाचा. मग एक लांबट तुकडा हातात आला. एका टोकाला दोन बोटं रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला. रंग तपकिरी. मला वाटलं, हे कापड मी कालच इस्त्री केलंय. मग राखाडी सापडला, तसाच. मग निळा. मग आणखी एक तपकिरी, पहिल्याहून अरुंद. खाली बसले आणि सगळी पिशवी उपसली. चारही पँटींचे तुकडे निघाले, काहींचे दोन-दोन. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीतून कापलेले.

वर जाऊन कपाटातली तपकिरी पँट उलटी केली. मागे शिवणीपुरतं कापड शिल्लक होतं, बाकी साफ. मग आठवलं, हल्ली त्या शिवणीवरून इस्त्री गुळगुळीत फिरायची. ते हाताला कळलं होतं, डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. जो माणूस परक्याच्या पँटमधलं सूतभर कापत नाही, त्याने स्वतःची कापली होती. चोरून. आणि दोनदा.

मी सगळे तुकडे घेऊन खाली आले, कटिंगच्या टेबलावर ओळीने मांडले, आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं. भर दुपारी.

"टाचण्या काढा तोंडातून," मी म्हटलं.

त्यांनी एकेक करून काढल्या आणि चुंबकाच्या वाटीत ठेवल्या. तुकड्यांकडे बघितलं. मग स्टुलावर बसले. गादी नसलेल्या.

"कधीपासून?"

"ताई येऊन गेली त्याच्या थोडं आधीपासून," ते म्हणाले. "भूक लागत नाही. लागली तरी दोन घास गेले की नको वाटतं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. हात गार पडतात. सुईत दोरा ओवायला तीन-तीनदा लागतं. वाटलं, जाईल आपोआप."

"आणि कापड कशाला कापलंत? आत दुमडायचं होतं, तुमच्या नियमाने."

"जाड लागलं असतं तुझ्या इस्त्रीला. तू विचारलं असतंस." मग म्हणाले, "पातळ लागलं की कुणी विचारत नाही."

माझा असा संताप झाला की काय सांगू. त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि हलवलं तर मोडेल अशी भीती वाटत होती. मनगट हातात घेतलं तर माझी दोन बोटं सहज एकमेकांना टेकली. रोज शेजारी झोपणारी मी, आणि हे मनगट मला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू झोपत होतीस," मास्तर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "इतकी वर्षं माझ्यामुळे तू जागलीस. मला माहीत होतं. मी घोरायचा थांबलो की तू माझ्या छातीवर हात ठेवायचीस. ताईला म्हणालीस ना, आता निर्धास्त झोपते. मग पुन्हा कसं सांगू, की बरं नाही म्हणून?"

मी रडले. भांडतच रडले. म्हटलं, उद्या वडिलांसारखे मशीनवर गेला असता, तर मला काय झोपा लागणार होत्या? मूर्ख माणूस. माझा मूर्ख माणूस. मग त्यांच्या पायात चपला सरकवल्या आणि दंडाला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातली गत.

डॉक्टरबाईंनी बसवून बीपी पाहिलं, उभं करून पुन्हा पाहिलं. उभं केल्यावर मास्तरांनी माझा खांदा धरला. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"तुम्ही दिल्या त्याच," मास्तर म्हणाले. "एकही दिवस चुकवलेली नाही." अगदी शहाण्या मुलासारखं सांगितलं.

"दोन्ही? तेवढ्याच?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, ते औषध एका जाड्या माणसासाठी लिहिलं होतं. तो माणूस आता आहे कुठे? वजन उतरलं, बीपी आपोआप खाली आलं, वर तुम्ही दोन-दोन गोळ्यांनी आणखी खाली ढकलताय. चक्कर येणार नाही तर काय होईल? मी दाखवायला या म्हटलं होतं."

"बरं झालो म्हटल्यावर कशाला यायचं, असं वाटलं."

"तुमच्याकडे गिऱ्हाईक ट्रायलला आलंच नाही तर तुम्ही काय करता?"

मी मास्तरांच्या वतीने म्हटलं, "शिव्या देतात. मनातल्या मनात."

बाई हसल्या. मग रक्त तपासायला घेतलं. त्यात बाकी काही वाईट निघालं नाही, पण रक्त कमी होतं आणि अंगात ताकद राहावी इतकं खाणं पोटात जात नव्हतं. एक गोळी बंद झाली, दुसरी अर्धी, आणि दर आठवड्याला येऊन दाखवायचं. "मनाने काही कमी-जास्त करायचं नाही," बाईंनी बजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही यांना छान उतरवलंत. आता थांबायचं. पोटभर वाढा."

मी साखरेचा डबा काही खाली काढला नाही, एवढी मी वेडी नाही. पण ताट भरलं. सुपात डाळ आली, बटाटे आले, मटण आलं, एका अंड्याची दोन झाली. सुरुवातीला ते चिमणीसारखे टिपायचे. मी समोर बसून राहायची आणि गोष्टी सांगायची, म्हणजे ऐकण्याच्या नादात घास जायचा. रात्री मी पुन्हा जागत होते. त्यांना ते कळत होतं. एकदा अंधारातच म्हणाले, "ठेव हात." मी ठेवला.

हळूहळू स्वेटर निघाला. जिन्यातलं जुनं कॅलेंडर बघणं बंद झालं, मग मी ते काढून टाकलं. शेठचा कोट पुरा झाला. आणि एका सकाळी मास्तर आरशासमोर तपकिरी पँट घालून उभे, चेहरा पडलेला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"बटण लागत नाही."

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, बोटभर अंतर राहत होतं. मी इतकी हसले की खालीच बसले. त्यांना राग आला.

"हसतेस काय? सोडायला आत कापड नाही. चारही गेल्या. कापलेलं परत येत नाही."

"येतं," मी म्हटलं.

ते तुकडे मी गादीत भरले नव्हते. काजांच्या दोऱ्याच्या डब्यात, माझ्याजवळ ठेवले होते. मी पँट त्यांच्या अंगावरून उतरवली, मागची शिवण उसवली आणि तपकिरी तुकडा त्याच्या जागी बसवला. मशीनवर मी कधी बसत नाही, पण त्या दिवशी त्यांना हात लावू दिला नाही. ते घरातल्या पायजम्यात शेजारी उभे राहून टाचण्या देत होते. आतलं कापड उन्हात विटलेलं नव्हतं, त्यामुळे पाठीमागे एक गडद पट्टी उठून दिसत होती.

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणू दे. मास्तरांच्या पँटी बायको शिवते म्हणेल."

त्यांनी पँट उचलून खिडकीशी नेली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "टाका वाकडा आलाय," म्हणाले. मी म्हटलं, येऊ दे. मग ते पट्टी उजेडात धरून बघत राहिले.

"आत कापड सोडलंस?" शेवटी विचारलं.

"पट्टीच्या दोन्ही बाजूंनी," मी म्हटलं. "माणसाचं काही सांगता येत नाही."

मग मी पँट टेबलावर पसरली, पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवली. मागच्या शिवणीवर आली तेव्हा ती अडखळली. चांगलं जाड लागत होतं. मी त्याच जागेवरून पुन्हा एकदा फिरवली.