नानासोंचं नाक आणि साबणाचा फेस

नानासो सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून शहात्तर साली निवृत्त झाले आणि घरी येताना फुटक्या काचनळ्यांचं एक पोतं घेऊन आले. नोकरीत त्यांनी नळ्या वाकवल्या, जोडल्या, पोरांनी फोडलेल्या दुरुस्त केल्या. आता त्यांना हौस म्हणून पक्षी करायचे होते. काचेचे पोपट, हंस, जमलं तर मोर. मागच्या पडवीत त्यांनी टेबल मांडलं, त्यावर बर्नर बसवला, ज्योतीला वारा द्यायला पायाखाली सोनाराचा भाता ठेवला आणि शेजारी गॅसची टाकी उभी केली.

टाकी खरं तर त्यांच्या बायकोची, सुलाबाईंची. चार वर्षं नंबर लावून मिळालेली. सुलाबाईंनी तिच्यावर एकदा चहा केला, त्याला चव नाही म्हणाल्या आणि परत चुलीकडे वळल्या. टाकी पडवीत गेली याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटायचं ते नवऱ्याच्या धांदरटपणाचं.

टाकी जोडायला आलेल्या एजन्सीच्या माणसानं सगळं सुलाबाईंनाच समजावलं होतं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. कळावं म्हणून मुद्दाम घाण वास घालतात. सांध्याला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती समजायची. आधी काडी पेटवायची, मग बर्नरची चावी सोडायची. काम झालं की टाकीची चावी बंद. सुलाबाई म्हसवडकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. शंभर मेंढरांतलं कुठलं कुणाचं हे ध्यानात ठेवणारीला पाच गोष्टी लक्षात ठेवायला कितीसं अवघड.

नानासो त्यातली एकही पाळत नसत. आधी चावी सोडायचे आणि मग काडेपेटी कुठं ठेवली ते शोधायचे. गॅसची रबरी नळी त्यांनी सायकलच्या दुकानातनं आणली होती. टेबलाखाली रद्दी, चिंध्या, रॉकेलचा डबा, सगळं सुखानं नांदत होतं.

"आवं, तेवढा फेस तरी लावून बघा," सुलाबाई म्हणायच्या.

"फेस कशाला? हे नाक आहे की. एकतीस वर्षं गॅसात काढली मी. पडवीत गळला तर पुढच्या दारातनं सांगेन."

 सुलाबाईंनी शेजारच्या हंबीररावांना गाठलं. हंबीरराव फौजेतून हवालदार होऊन परतलेले, रोज चारच्या चहाला हजर असायचे. बेत ऐकून ते फार खूश झाले. पेन्शनीत आल्यापासून त्यांना कुणी कामगिरीच दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुलाबाईंनी कोबीची सडकी पानं आणि ठेचलेला लसूण फडक्यात बांधला आणि टाकीच्या मागं सारला. नानासो पडवीत आले, थबकले, नाक वर केलं.

"गळतोय," ते म्हणाले. चेहऱ्यावर काळजीपेक्षा अभिमानच जास्त होता. "बघा, सांगितलं होतं की नाही?" मग ते टाकीशी वाकले आणि खिशातनं काडेपेटी काढली. "कुठनं गळतोय तेवढं बघतो."

सुलाबाईंनी काडेपेटी हिसकावून घेतली. त्या हसायचं ठरवून उभ्या होत्या, पण हसू आलं नाही.

"काडी लावून बघनार व्हता तुमी?"

"बारीक गळती काडीनं दिसते. तिथं लहान ज्योत..."

"आन मोटी असली तर?"

 दाराआड दबा धरून उभे असलेले हंबीरराव पुढं आले आणि दोन बोटांत फडकं धरून त्यांनी बाहेर काढलं. "ही घ्या गड्या तुमची गळती."

नानासो दोन दिवस पडवीकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की परत फसणार नाही. पण कोबी आणि गॅस यांत नाकाला फरक कळत नाही, हे त्यांना मनातून पटलं होतं. मग उरला साबण. त्यांनी वाटीत फेस केला, दाढीचा ब्रश घेतला आणि वास आला रे आला की सांध्या-सांध्यावरून फिरवायला लागले. बुडबुडा नाही म्हटल्यावर छाती काढून हाक मारायचे, "लपवलेला मुळा काढून घ्या."

सुलाबाईही हटणाऱ्या नव्हत्या. कधी नासकं अंडं, कधी सुकट. लपवायला जागा मिळू नये म्हणून नानासोंनी टेबलाखालची रद्दी, चिंध्या आणि रॉकेलचा डबा परसात नेऊन ठेवला. वास निघून जावा म्हणून खिडकी सताड उघडी ठेवायला लागले. आपल्यावर खोटा आळ येऊ नये म्हणून काम संपलं की टाकीची चावी घट्ट बंद करून बायकोला बोलावून दाखवायचे. एकदा मात्र सगळं तपासूनही वास जाईना. तासाभरानं कळलं, तो हंबीररावांच्या पायमोज्यांचा होता, आणि यात कुणाचाच डाव नव्हता.

पावसाळा सरत आला आणि नानासोंना जबर पडसं झालं. नाक पार बंद. सुलाबाईंनी मनाशी ठरवलं, आजारी माणसाला फसवायचं नाही. पण हे नवऱ्याला सांगितलं नाही. नानासोंची खात्री होती की ही बाई नेमकं आत्ताच साधणार. म्हणून एका दुपारी टाकीची चावी उघडल्यावर, बर्नरकडं वळण्याआधी त्यांनी वास नसतानाच ब्रश फिरवला.

टाकीजवळ नळीवर एक बुडबुडा आला. फुगला, फुटला. तिथंच दुसरा आला.

"हे कसं केलंस गं?" त्यांनी विचारलं. त्यांना कौतुकच वाटलं होतं.

सुलाबाई हात पुसत आल्या, वाकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "म्या न्हाई केलं. आठ दिस झालं, म्या काय बी केलेलं न्हाई."

"शपथ?"

"आदी चावी बंद करा. शपथ मग घिते."

नानासोंनी चावी बंद केली. तेवढ्यात परसाच्या फाटकातून हंबीरराव आले, तोंडात पेटलेली बिडी.

"भावजी, तितंच थांबा," सुलाबाई म्हणाल्या. "बिडी टाका."

हंबीररावांना वाटलं नवा डाव आहे. त्यांनी डोळा मिचकावला आणि एक पाऊल पुढं टाकलं. नानासो गेल्या दहा वर्षांत पळाले नव्हते. ते पडवीतून उतरले, फाटकापर्यंत धावले आणि हंबीररावांच्या तोंडातली बिडी काढून परसात बांधलेल्या म्हशीच्या हौदातल्या पाण्यात बुडवली.

"झकास सोंग करताय की राव," हंबीरराव म्हणाले.

"हे खरं हाय," नानासो म्हणाले. कॉलेजातलं बोलणं त्या क्षणी कुठं गेलं कुणास ठाऊक.

हंबीरराव समजले. त्यांनी टाकी उचलून उघड्यावर लिंबाखाली नेली. सुलाबाईंनी दारं-खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नये म्हणून दारातच उभ्या राहिल्या. अर्धा तास तिघंही परसात बसून होते. म्हैस तेवढी बिडीच्या पाण्याकडं नाराजीनं बघत होती.

नानासोंनी नळी वाकवून पाहिली. टाचेला पडतात तशा भेगा पडल्या होत्या, नख लावलं तर रुतत होतं.

"नाक चालू असतं तर लवकर कळलं असतं," ते म्हणाले.

"चालू असतं तर तुमी कोबी हुडकत बसला असता," सुलाबाई हळू म्हणाल्या. "त्यो वास म्या तुमाला चेष्टेचा करून ठेवलाय. चुकलं माजं."

नानासोंनी नळी गुंडाळून बाजूला ठेवली. "तरी आधी ब्रशच फिरवला असता मी," ते म्हणाले. "तुझ्यावर भरवसा नव्हता ना."

सुलाबाईंना हसू फुटलं. तिथून पुढं सडक्या भाज्या उकिरड्यावर जायला लागल्या. एजन्सीतून खास गॅसची नळी आली, टाकी पडवीबाहेर उभी राहिली आणि फेसाच्या वाटीला टेबलावर कायमची जागा मिळाली. पण सुलाबाईंनी एक मागणी केली, आता आपणही शिकणार.

पुढच्या रविवारी काळा चश्मा लावून त्या बर्नरपुढं बसल्या. फेस झाला, काडी पेटली, मग बर्नरची चावी, मग भाता. त्यांनी काचनळीचं टोक लोण्यागत मऊ केलं, चिमट्यानं चार पाय ओढले, एक कान काढला, दुसरा गळून पडला. झालेली वस्तू त्यांनी तडकू नये म्हणून गरम राखेत ठेवली. निवल्यावर हंबीररावांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळली.

"वैनी, कुत्रं लय जिवंत वाटतंय."

"मेंढरू हाय त्ये," सुलाबाई म्हणाल्या आणि पोत्यातली दुसरी नळी निवडायला लागल्या.