एका घासाची पंचाईत

इस्पितळातल्या म्हाताऱ्या एर्गाश-ओतांच्या तोंडावर लक्ष ठेवायचं काम सनोबरकडे आलं, तेव्हा त्यात बुचकळ्यात पडण्यासारखं काही असेल असं तिला वाटलं नव्हतं. तोंड मोठं होतं, लांबून दिसत होतं, आणि सगळा जन्म बाजारात खरबुजं विकण्यात गेल्यामुळे ते मिटलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं.

ही पाळी आली मागच्या बुधवारमुळे. गावच्या इस्पितळातला सर्जन चांगल्या पगारावर परदेशी गेल्यापासून फरगाना शहरातून बाहराम-अका बुधवारचे येत आणि साठलेली पोटं उरकून जात. ओतांना हर्नियासाठी ट्रॉलीवर घेतलं, तेव्हा बाहराम-अकांनी सवयीने विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"छे! नुसता चहा," ओता म्हणाले.

चहा म्हणजे खाणंही नाही आणि पिणंही नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ट्रॉली जशी आली तशी परत गेली. भूल दिल्यावर पोटातलं वर येतं, फुफ्फुसात उतरतं आणि माणूस हर्नियासकट जातो, हे बाहराम-अकांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितलं. "पुन्हा असं झालं तर मी हात लावणार नाही. आणि ही गाठ एकदा अडकली ना, तर ती बुधवारची वाट बघत बसणार नाही."

म्हणून मंगळवारी मुख्य नर्स लोलाने सनोबरला बोलावून सांगितलं, "ओपा, उद्या तुमचं एकच काम. म्हाताऱ्याच्या तोंडात वारा सोडून काही जाता कामा नये."

"आणि बाकीचे पेशंट?"

"ते तर आहेतच की."

इस्पितळात एकच काम म्हणजे नक्की किती कामं, हे सनोबरला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. रेशमाचा कारखाना बंद पडल्यावर ती इथे मदतनीस म्हणून लागली. अंग पुसणं, कूस वळवणं, भांडं देणं, भांडं नेणं, ट्रॉली ढकलणं. कारखान्यात किडे निदान उत्तरं देत नसत.

बुधवारी सकाळी तिने ओतांच्या पोटावरचे केस काढले, अंगठी उतरवून घेतली, धुतलेला सदरा चढवला. तेवढ्या वेळात ओतांची तिच्या वस्तऱ्याला, नगरपालिकेला आणि यंदाच्या खरबुजांना नावं ठेवून झाली. शेजारच्या खाटेवर अपेंडिक्स काढलेले इक्रोम गुरुजी होते. त्यांनी उशी कानावर घेतली होती. सगळं ठीक चाललं होतं.

मग ओतांची बायको आली. झेबी-आया हातभर उंचीची आणि निश्चयाची पक्की. तिच्या काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. सनोबरने ते दारातच उघडायला लावलं. आत एक गोल नान, तंदूरमधून नुकताच काढलेला.

"आया, आज खायचं नाही त्यांनी. बोलले होते ना मी?"

"खायला कुठे आणलाय? टांगायला आणलाय."

टांगायची रीत सनोबरला माहीत होती. घर सोडून लांब जाणारा माणूस नानचा एक घास तोडतो आणि उरलेला नान भिंतीवर टांगून ठेवतात. परत येऊन तो त्यानेच मोडायचा, खायचा आणि सगळ्यांना वाटायचा. म्हणजे परत यावंच लागतं. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात असा एक नान टांगलेला होता. तिचा फर्रुख रशियात बांधकामावर गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर वसंतात तो येणार असतो.

"पण ते लांब कुठे चाललेत? दोन दारं सोडून ऑपरेशनची खोली आहे," ती म्हणाली.

"बेशुद्ध करणार ना? मग सांग, कुठे जातो माणूस तेवढा वेळ?"

याचं उत्तर सर्जनलाही आलं असतं असं नाही. "नुसता ओठांना लावा," ती तडजोड करत म्हणाली. "माझ्यासमोर. दात लावायचे नाहीत."

"बरं बाई. नुसते ओठ."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कोणीतरी भांड्यासाठी हाक मारली, आणि ती थांबण्यासारखी हाक नव्हती. सनोबर धावली. परत आली तर भेटीची वेळ संपल्यामुळे लोलाने झेबी-आयाला बाहेर काढलं होतं, गाठोडं उशाशी नीट बांधून ठेवलेलं होतं आणि एर्गाश-ओता गप्प होते.

नुसते गप्प नव्हते. ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होते.

"ओता, काय झालं?"

उत्तर नाही.

"दुखतंय का?"

मान आडवी हलली.

"घाबरलात?"

मान आधी उभी हलली, मग आडवी, मग गोल फिरल्यासारखी झाली. डोळ्यांत पाणी तरळलं.

"अटॅक आलाय मेंदूचा," गुरुजींनी उशीखालून निदान केलं. "वाचा गेली की असंच होतं. आमच्या मुख्याध्यापकांची गेली होती. शाळा काय छान चालली होती."

लोलाने येऊन रक्तदाब बघितला. ठीक होता. हात उचलायला लावले. उचलले. जीभ दाखवा म्हटलं, तर ओतांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रुसलेत," लोला म्हणाली. "बायकोशी भांडण झालं असेल."

"त्यांची भांडणं बाजाराला ऐकू जातात," गुरुजी म्हणाले. "मी इथे असून मला ऐकू आलं नाही, म्हणजे झालेलंच नाही."

सनोबरचा हात कसा कोण जाणे गाठोड्याकडे गेला आणि तिने ते सोडलं. नानच्या कडेला अर्धचंद्राएवढा तुकडा गायब होता.

"ओता! खाल्लात?"

मान आडवी.

"मग हा कोणी तोडला? आयाने?"

मान आडवी.

"म्हणजे तुम्ही?"

मान उभी.

"म्हणजे खाल्लात!"

मान जोरात आडवी. सनोबरने नानकडे बघितलं, ओतांकडे बघितलं, शेवटी गुरुजींकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस मुली? माझं तोंड भिंतीकडे होतं. आणि मी इतिहास शिकवतो, जे कोणी पाहिलं नाही त्याचाच."

नेमके याच वेळी बाहराम-अका आत आले, हिरवी टोपी घालून, घाईत. "काय ओता, आज तरी उपाशी ना?"

ओतांनी मान हलवली. कशी हलवली ते कोणालाच नक्की सांगता आलं नसतं.

"खाल्लंय की नाही?" बाहराम-अकांनी सनोबरला विचारलं.

खोटं बोललं तर म्हातारा टेबलावरच दगावायचा. खरं बोलावं, तर खरं काय ते तिला माहीत नव्हतं. "तोडलाय, पण खाल्ला नाही म्हणतात," ती म्हणाली. "म्हणजे म्हणत नाहीत. बोलतच नाहीत ते."

"ओपा, मी फरगान्याहून कोडी सोडवायला येत नाही." त्यांनी टोपी काढली. "पाठवून द्या घरी. गाठ अडकली की आणा. मग बघू कोण हात लावतंय."

ओतांचा चेहरा पांढरा पडला, गाल थरथरले. सनोबरला वाटलं, यांना उलटी होणार. तिने झटकन उलटीचं भांडं त्यांच्या हनुवटीखाली धरलं. आजवर या भांड्याला इतकं कोणी घाबरलं नव्हतं. ओतांनी ते असं काही ढकललं की ते खणखणत गुरुजींच्या खाटेखाली गेलं. मग त्यांनी तिचा हात पकडला, तळवा उघडला आणि त्यावर वाकून, दोन्ही हातांनी आडोसा करून, तोंडातला घास अलगद ठेवला.

"भांड्यात?" ते बोलले, आणि सगळा वॉर्ड दचकला. "नान? त्या भांड्यात थुंकू मी? माणूस आहे का जनावर?"

"मग सांगायचं ना ओता!"

"कसं सांगू? तोंडात नान होता! डोळ्यांनी सांगत होतो मघापासून. गिळला तर डॉक्टर मारतो, थुंकला तर देव. ती म्हणाली नुसता ओठाला लावा. लावला. गरम होता गं, दात आपोआप लागले."

बाहराम-अकांनी घास सनोबरच्या हातातून चिमट्याने उचलला आणि नानच्या कडेला लावून बघितला. बसला, पण पूर्ण नाही.

"एवढासा कमी आहे."

"चावल्यावर आक्रसतो," गुरुजी म्हणाले.

"फुगतो," लोला म्हणाली.

सनोबरला दोन्ही खरं वाटलं. बाहराम-अका चिमटा धरून उभे राहिले. कचऱ्याचा डबा पायाशीच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग घास लोलाकडे दिला. लोलाने गुरुजींकडे केला. गुरुजींनी हात पांघरुणात घेतले. अखेर तो सनोबरकडेच आला आणि तिने गॉजच्या तुकड्यात बांधून कोटाच्या खिशात ठेवला.

"सगळ्यात शेवटी घेतो यांना," बाहराम-अका म्हणाले. "तोपर्यंत जे काय गेलं असेल ते उतरेल. आणि ओपा, तोंड उघडून बघत चला. नुसतं बाहेरून काय बघता?"

दुपारभर सनोबर खाटेशी बसून राहिली. पलीकडून तीनदा हाक आली, तिन्ही वेळा लोला गेली, आणि तिन्ही वेळा काहीतरी पुटपुटत आली. ट्रॉली हलवायच्या आधी सनोबरने ओतांचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. ओतांनी तेवढ्यातही ते चावून बघितलं.

ते परत आले ते संध्याकाळी. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. झेबी-आया सलाइनच्या दांडीला टांगलेल्या नानखाली बसली होती. त्यांनी डोळे उघडताच ती म्हणाली, "आलात? घ्या, खा."

"आया, उद्या सकाळपर्यंत काही नाही," सनोबर म्हणाली.

"अगं, पण खाल्ल्याशिवाय आले असं कसं म्हणायचं? बाहेर सगळे विचारतायत."

"मग मी आहे कुठे?" ओतांनी भुलीतल्या भुलीत विचारलं.

झेबी-आयाने बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगितलं की पोचलेत, पण अजून आलेले नाहीत.

सकाळी ओतांनी तो कडक झालेला नान चहात बुडवून खाल्ला आणि रीतीप्रमाणे तुकडे मोडून सगळ्या खाटांना वाटले. सनोबरच्या हातावर एक ठेवला. ती तो धरून तशीच उभी राहिली.

"खा की, पोरी. आलो मी."

"ओता, ज्याचा नान टांगलाय तो आलाच नाही, तर त्या नानचं काय करायचं?"

"कोण गेलंय?"

"मुलगा. रशियात."

"फोन करतो?"

"करतो. येतो म्हणतो."

ओतांनी बराच विचार केला. त्यांना इतका वेळ गप्प बघून गुरुजी पुन्हा अस्वस्थ झाले. "त्याला सांग," ओता शेवटी म्हणाले, "की दगड झालाय. चहा जास्त लागेल."

सनोबरला हसू आलं, की दुसरं काही आलं, ते तिलाच नीट समजलं नाही. तिने तुकडा तोंडात टाकला आणि सवयीने हात खिशात घातला. गॉजची पुरचुंडी तिथेच होती. ज्याचा घास तो तर परत आला होता, मग आता हा नक्की कोणाचा? खिडकीत चिमण्या होत्या. तिने पुरचुंडी सोडून घास खिडकीवर ठेवला. चिमण्या जवळ आल्या, तशी तिने हात हलवून त्यांना हाकललं, घास पुन्हा बांधला आणि खिशात टाकला.

पलीकडून हाक आली. ती तोंडातला तुकडा चघळतच भांडं आणायला गेली. दारात लोलाने काहीतरी विचारलं. सनोबरने मान हलवली, उभी की आडवी, ते लोलाला कळलं नाही.