आकडा ठरेपर्यंत

तुम्हाला आकडा लवकर हवा होता. खरा हवा, असं काट्याच्या दुरुस्तीच्या तुमच्या कागदात एकदाही नव्हतं. एका सेकंदात वजन दिसलं पाहिजे, बस. लिहिणारे तुम्ही; काट्यावर उभी राहणार हसनाबादची झुंबरबाई.

“भिंतीला धरू नका आजी, वजन कमी येतं,” दैवशाला सिस्टर म्हणाली.

“मंग पडू काय?”

भुजंगबाबांनी दोन्ही हात बायकोभोवती धरले, अंगाला न लावता.

“ह्यांना आत्ता सुचून राह्यलंय जवळ यायचं,” झुंबरबाई म्हणाली.

डायलिसिसच्या वॉर्डात हा एकच काटा. अंगातलं पाणी किती काढायचं, ते याच्या आकड्यावर ठरतं. जास्त काढलं तर माणूस थंड पडतो, कमी काढलं तर छातीत दम कोंडतो.

काटा दुरुस्त केला होता नवीन जालन्याच्या कल्याणने. त्याचं आयुष्य कापसाचे आणि किराण्याचे काटे खोलण्यात गेलेलं. माणूस चढल्यावर आत जी बारीकशी वीज हलते, तिचा आकडा करणारी चिप, कन्व्हर्टर, जळाली होती. बाजारात दोन मिळाल्या. एक झटपट, पण आकडा नाचवणारी. दुसरी सावकाश, पण थांबली की थांबली. पोतं गप पडून राहतं, आजारी माणूस डुलतो. कल्याणने सावकाश चिप बसवली. झुंबरबाईचा आकडा दमादमानं त्रेचाळीसवर येऊन बसला.

मग हॉस्पिटलचे साहेब म्हणून तुम्ही आलात.

“मशीन स्लो आहे. लाईन थांबते.”

“सर, आकडा पक्का येतो. वाटलं तर काट्यावर खुर्ची ठेवू, बसून वजन करू,” कल्याण म्हणाला.

“कागदात आहे तसं करा. नाहीतर दुसरा माणूस बघतो.”

कल्याण भांडला नाही. असल्या माणसांशी भांडून तो कधीचाच दमला होता. त्याने झटपटवाली चिप बसवली. तुम्ही सही केलीत.

पुढच्या डायलिसिसला झुंबरबाई सुजलेल्या तोंडानं काट्यावर चढली. बेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. पुन्हा बेचाळीस. भुजंगबाबांनी पुन्हा हात तिच्याभोवती धरले, पण लावले नाहीत.

चिप बघायला आलेल्या कल्याणला सिस्टरने जवळ बोलावलं. “कल्याणभाऊ, कोणता धरू?”

“मी कसं सांगू ताई? दोन किलो म्हंजे दोन लिटर पाण्याचा फरक हाय. माणूस हाय ते.”

तिने तुम्हाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. “सर, बेचाळीस धरू का चव्वेचाळीस?”

“मीटिंगमध्ये आहे. तुमच्या लेव्हलला बघा.”

“माझ्या लेव्हलला आकडा थांबत नाही, सर.”

फोन चालूच होता, मागे कपबशा वाजत होत्या. झुंबरबाईने मान वाकवून तोंड फोनजवळ नेलं.

“साहेब, म्या अजून उभी हाय. किती पाणी काढायचं माझं? बोला जल्दी.”