परग्रहावरचा नरसिंह

वडप्याचं हायवेलगतचं रिकामं गोडाऊन एका टीव्ही मालिकेवाल्यांनी शूटिंगला घेतलं आणि गावातल्या वीस बायकांना गर्दीत उभं राहायचं काम मिळालं. सगळ्यांत पुढे राहीबाई. वय बासष्ट, आवाज खणखणीत, आणि कुणी गप्प बस म्हटलं की हमखास बोलणारी.

दिग्दर्शक धनेशने बायकांना गोष्ट समजावली. दूरच्या ग्रहावरून दोघं येतात. चांगला तो पांढऱ्या झग्यातला, डोक्यामागे प्रकाश, वरून अलगद उतरणारा. वाईट तो काळा, आयाळ, सुळे, ही एवढी नखं. तो खांब फोडून बाहेर येतो.

"पांढऱ्याला हात जोडायचे, काळ्याला बघून किंचाळत पळायचं. बस्स."

"काला म्हणून वाईट?" राहीबाईने विचारलं. "आमचा विठोबा काय गोरा हाय?"

"आजी, तुम्ही डोकं चालवू नका. फक्त घाबरा."

'आजी' तिला चाललं असतं, पण 'डोकं चालवू नका' चांगलंच झोंबलं.

जेवणाच्या सुट्टीत काळा परग्रहवासी तिच्या शेजारी येऊन टेकला. रबराच्या कातड्यात घामाघूम झालेला तो अंबाडी गावचा भाविक नावाचा पोरगा होता. नखांमुळे त्याला घास उचलता येईना. राहीबाईने स्वतःच भात कालवून त्याला भरवला. भरवता भरवता तिची नजर आयाळीवरून नखांवर गेली, मग समोरच्या थर्मोकोलच्या खांबावर. ती गालात हसली.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाय. तू खा."

मग ती उठली आणि ठमाबाईच्या कानाला लागली. ठमाबाईने पुढचीच्या कानात सांगितलं.

शॉट सुरू झाला. खांब फुटला, भाविक डरकाळी फोडत बाहेर आला. एकही बाई पळाली नाही.

"नरसिंह महाराज की जय!" राहीबाई कडाडली आणि वीसच्या वीस बायकांनी त्याच्या पायांवर लोळण घेतली. ठमाबाईने तर अंबाड्यातलं फूल काढून वाहिलं. गांगरून भाविकने नखांचा पंजा आशीर्वादासाठी वर केला. वर तारेला लटकलेला चांगला परग्रहवासी ओरडत राहिला, "अरे, मला उतरवा कुणीतरी!"

"कट! आजी, तो दुष्ट आहे!"

"खांब फोडून येतो, आयाल हाय, नखा हायत. मंग कोन हाय तो? तूच सांग."

धनेशने मदतीसाठी मागे पाहिलं. लाइटवाला चपला काढून, हात जोडून उभा होता.

दुसरा खांब नव्हता. शॉट तसाच ठेवावा लागला.

महिनाभराने बायका राहीबाईच्या घरी टीव्हीपुढे जमल्या. पडद्यावर जयजयकार करणारे त्यांचे चेहरे दिसले, त्या पायांवर पडल्या आणि निवेदकाचा आवाज घुमला, "दुष्टाने गावाची बुद्धी भ्रष्ट केली!"

"बघ, आपल्याला येडं ठरवलं," ठमाबाई फणकारली.

"ठरवूं दे गो," राहीबाई हसत म्हणाली. "पलालो असतो तं नुसत्या पाठी दिसल्या असत्या."