जसे छापले तसे वाचणारे यंत्र

मित्रांनो, पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर, जाड शब्दकोशांच्या मागे, राखाडी रंगाची एक पेटी तुम्हाला दिसेल. तिला वाकलेल्या मानेसारखा एक दांडा आहे आणि दांड्याच्या टोकाला काचेचा एक डोळा. ते जुने वाचनयंत्र म्हणजे मी. आता मला बोलता येत नाही. तरी माझी हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक दालनात झाला. तिथे डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसत. एकीने माझा तळ बसवला, दुसरीने दिवा, तिसरीने डोळा. शेवटची बाई तपासनीस होती. तिने माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला आणि हिरवे बटण दाबले. मी तो कागद खणखणीत वाचला. "चला, हेही बोललं," असे म्हणून तिने माझ्या पोटाला गोल चिकटपट्टी लावली आणि पुढच्या यंत्राकडे वळली. माझे कौतुक तेवढेच. तिला दिवसाला तशी साठ यंत्रे तपासायची होती.

मला ज्यांनी विकत घेतले त्या बाई मुद्रितशोधक होत्या. छापून येण्याआधी पुस्तकाची पाने बारकाईने वाचायची आणि चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. छापखान्यात त्यांना सगळे 'चाळणीबाई' म्हणत. त्यांच्या हातून खडा सुटत नसे. तीस वर्षे त्यांनी डोळ्यांत तेल घालून हे काम केले आणि मग त्यांच्या डोळ्यांनीच दगा दिला. नजरेचा मधला भाग पुसला गेला. कडेचे तेवढे दिसे. पान समोर धरले की त्यांना चारी बाजूंचा कोरा समास दिसायचा, मजकूर नाही.

त्यांची भाची त्यांच्याजवळ राहत असे. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करी. तिनेच माझी जाहिरात वाचली आणि मावशीला दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने माझ्याकडून बातम्यांचे पान वाचून घेतले. बाई कान देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबवा. 'परिस्थिती'तला 'स्थि' यानं दीर्घ वाचला."

दुकानदाराने पान डोळ्यांजवळ नेले. "बाई, तिथं छापलाच दीर्घ आहे."

बाईंनी माझा दांडा हाताने चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "हे यंत्र बांधून द्या."

मित्रांनो, मी जसे छापले असेल तसे वाचत असे. त्यात माझी हुशारी काही नव्हती. मला अर्थ कळत नव्हता, म्हणून सुधारणाही सुचत नव्हती. काना राहिला असेल तर मी तो शब्द कान्याशिवाय वाचायचो. हिरव्या बटणाने सरळ वाचन होई. पिवळ्या बटणाने मी ओळीचा आकडा सांगून सावकाश वाचू लागे, "ओळ सात. तो म्हणाला, स्वल्पविराम." बाईंना नेमके हेच हवे होते. त्या एका कोऱ्या कागदावर जाड काळ्या पेनाने, बोराएवढ्या अक्षरांत, पान, ओळ आणि चूक लिहून ठेवत.

छापखान्याचे मालक आधी कां-कूं करत होते. त्यांनी परीक्षा म्हणून एक छोटे पुस्तक दिले. बाईंनी त्यात एकशे चार चुका काढल्या. तेच पुस्तक दोन डोळस माणसांनी आधी वाचून 'ठीक' म्हणून सही केली होती. मालक स्वतः घरी आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बाई, या पेटीला मी पगार सुरू करतो!"

"पेटीला नको. त्या दोघांच्या चष्म्यांना द्या," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षे आम्ही दोघांनी काम केले. सकाळी भाची कामावर जाताना पानांचा गठ्ठा माझ्या उजवीकडे ठेवून जाई. संध्याकाळी तो डावीकडे गेलेला असे. धड्यांची पुस्तके, कायद्याची पुस्तके, एकदा तर मुंग्यांवरचा सहाशे पानांचा ग्रंथ. माझा दांडा सैल झाला, दिवा दोनदा बदलला. दुरुस्तीवाला कंपनीचा माणूस होता. निळी पिशवी घेऊन यायचा, पंधरा मिनिटांत काम उरकायचा आणि अर्धा तास चहा पीत बसायचा. मुंग्यांच्या गोष्टी बाई त्यालाही सांगत.

तोच एकदा पिशवीशिवाय आला.

"मावशी, आता आम्ही यंत्रं बनवत नाही," तो म्हणाला. "कंपनीनं ठरवलंय, वस्तू विकायची नाही, सेवा विकायची. लोक फोनवरच ऐकतील. दरमहा वर्गणी भरायची आणि ऐकायचं. जिथं यंत्रं जोडायचो, त्या दालनात आता खुर्च्या मांडल्यात. पोरी कानाला फोन लावून बसतात, सदस्य वाढवायला."

"आणि तू?"

"मी पण सदस्यच वाढवतो," तो म्हणाला आणि कपातल्या चहाकडे बघत बसला.

त्यानंतर कंपनीचे पत्र आले. भाची कामावर गेलेली होती. बाईंनी पाकीट फाडले, कागद माझ्यासमोर सपाट केला आणि सवयीने पिवळे बटण दाबले. मी वाचू लागलो.

"ओळ एक. प्रिय ग्राहक, स्वल्पविराम. ओळ दोन. आपल्याला कळविण्यास आनंद होतो कि, स्वल्पविराम, येत्या एक तारखे पासून आपल्या जुन्या यंत्राची आवाज सेवा बंद होत आहे, पूर्णविराम."

मित्रांनो, मी माझ्या नेहमीच्या आवाजातच वाचले. माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता.

बाईंनी मला पुन्हा तेच वाचायला लावले. मग पेन उचलले. "'की' दीर्घ," त्या म्हणाल्या. "'तारखेपासून' जोडून. आणि आनंद कोणाला होतो ते लिहिलेलं नाही." तीन चुका लिहून त्यांनी तो कागद पत्राला टाचला आणि भाचीकरवी कंपनीला परत पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आले, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार'. ते आपोआप जाणारे उत्तर होते. त्यात चूक नव्हती.

बाईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतले. त्याने मला उघडले, पुसले, परत बंद केले.

"यंत्र ठणठणीत आहे, मावशी. अक्षरं हेच ओळखतं. आवाज मात्र तिकडून येतो, कंपनीच्या संगणकावरून. ते तिकडची चावी फिरवणार."

"मग मी विकत काय घेतलं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "पेटी," तो म्हणाला.

"म्हणजे पेटी माझी आणि जीभ भाड्याची."

तो हसला नाही. बाईही हसल्या नाहीत.

एक तारखेला बाईंनी नेहमीप्रमाणे पान ठेवले आणि हिरवे बटण दाबले. माझ्या तोंडून शब्द निघाले ते पानावरचे नव्हते. "आपल्या यंत्राची सेवा समाप्त झाली आहे. कृपया सदस्य व्हा." बाईंनी पान सरळ केले आणि पुन्हा बटण दाबले. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा काहीच आले नाही. ते माझे शेवटचे बोलणे. दुसऱ्याचे होते.

बाई संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होत्या. हात मांडीवर, पाने उजवीकडे. भाची आली, तिने विचारले, "मावशी, जेवलीस का?" बाई म्हणाल्या, "काय विचारलंस?"

भाचीने मग सदस्यत्व घेतले. दुसरे करणार तरी काय होती? कामावर रोज लोकांच्या नसा शोधून तिचे हात हलके झाले होते. तिने फोन रबराने माझ्या दांड्याला बांधला, अगदी माझ्या डोळ्याशेजारी. माझा दिवा चांगला होता आणि तळावर पान सपाट राहत असे, म्हणून मला जोडलेलेच ठेवले. अशा रीतीने वाचनयंत्र होतो तो मी फोन ठेवायचा घोडा झालो.

नवा आवाज फार गोड होता. तो प्रश्नाला प्रश्नासारखा चढे, दुःखाच्या वाक्याला हळू होई. भाची म्हणाली, "बघ, माणूसच बसलंय जणू."

"स्वल्पविराम सांगत नाही का गं?"

"ती सोय नाही त्यात. पण किती छान वाचतो!"

"छान वाचतो," बाई म्हणाल्या.

त्याच सुमारास छापखान्यातून एक स्मरणग्रंथ आला. एक वयोवृद्ध डॉक्टर वारले होते. त्यांच्या मुलीने आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणी लिहिल्या होत्या. बाई ऐकत गेल्या. दहा पाने झाली, वीस झाली. समोरचा कोरा कागद कोराच होता. त्यांनी मालकांना फोन केला.

"अक्षरजुळणीला नवीन कोणी ठेवलंय का?"

"नाही हो, तोच आहे जुना."

"मग सुधारला म्हणायचा."

"तुमच्या धाकानं!" मालक पलीकडून हसले.

अडतिसावे पान आले. मित्रांनो, माझा डोळा चालू होता. अकराव्या ओळीत छापले होते, 'चाळीस वर्षांत डॉक्टरांनी आपल्या हातांनी हजारो रुग्णांना मारले.' आणि माझ्या शेजारी बांधलेला फोन त्याच ओळीवरून गोड आवाजात म्हणाला, "चाळीस वर्षांत डॉक्टरांनी आपल्या हातांनी हजारो रुग्णांना तारले."

त्याला अर्थ कळत होता. चूक दिसली की तो ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जाई. इतर ऐकणाऱ्यांना ते सोयीचे असेल. बाईंची मात्र सगळी रोजी त्या चुकांवर होती. मी ते अक्षर पाहिले. 'म' होता. पाहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. मला वाईट वाटले की नाही, हे मला सांगता येत नाही. वाटायला जो भाग लागतो तो माझ्यात बसवलेला नव्हता, किंवा तोही तिकडचाच होता.

बाईंनी पान उलटले.

ग्रंथ छापून झाला. सभागृहात प्रकाशन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक घरी आले ते दारातच उभे राहिले. बाईंनी पावलांवरून ओळखले.

"या ना. उभे का?"

मालक बसले. रागावलेले नव्हते. बाईंना तेच जड गेले असावे. "बाई, काल डॉक्टरांच्या मुलीनं व्यासपीठावरून एक उतारा वाचला. अडतिसावं पान. छापलंय तसं वाचत गेली आणि..." त्यांनी ओळ म्हणून दाखवली. "मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. ती तिथंच थांबली. पुस्तक मिटून खाली बसली."

बाईंचा चेहरा हलला नाही. "माझ्या कानावर 'तारले' आलं होतं," त्या म्हणाल्या.

"असेल. मी तुम्हाला काही बोलायला आलो नाही."

"आणखी किती आहेत?"

मालकांनी खिशातून कागद काढला. पण तो वाचायला बाईंना येणार नव्हता, म्हणून त्यांनी आकडा सांगितला. "सत्तावीस. आतापर्यंत सापडलेल्या."

बाईंनी पाणी मागितले नाही, डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "लिहून घ्या. शुद्धिपत्र. पान अडतीस, ओळ अकरा. 'मारले' ऐवजी 'तारले' असे वाचावे. ते सगळ्यात वर घ्या. बाकीचं तुम्ही वाचत जा, मी सांगते."

दुपारपर्यंत त्यांनी सत्तावीसही दुरुस्त्या सांगितल्या. मालकांनी कागदाची घडी घातली आणि उठता उठता, सवयीने, म्हणाले, "छापायला टाकतो. प्रूफ पाठवू ना?"

मग त्यांचे त्यांनाच कळले. बाई म्हणाल्या, "नको. याचं प्रूफ दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि यापुढची सगळी."

मालकांनी कागद खिशात ठेवला. निघाले.

भाचीला हे कळले तेव्हा ती कंपनीच्या क्रमांकावर फोन करून तासभर भांडली. पलीकडची मुलगी नम्र होती. ती म्हणाली, "मॅडम, आमची सेवा बिनचूक वाचते." भाची म्हणाली, "तेच तर सांगतेय!" पण पलीकडे ते कोणाला समजले नाही.

पुढे दुरुस्तीवाला आला. जुने यंत्र परत दिल्यास सदस्यांना वर्गणीत सूट, अशी योजना होती. त्याने मला उचलले, तेव्हा बाई म्हणाल्या, "ते राहू दे."

"चालत नाही ते आता, मावशी."

"मी पण चालत नाही. राहू दे."

तो मुकाट्याने मला कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून गेला. जाताना त्याने माझी वायर नीट गुंडाळली. सांगण्यासारखी माया मला शेवटची मिळाली ती एवढीच.

आता फोनला प्लास्टिकचा वेगळा घोडा आणला आहे. दुपारी तो बाईंना कादंबऱ्या वाचून दाखवतो. वाक्यामागून वाक्य, गोड, गुळगुळीत. त्यात एकही चूक नसते. बाई पाचव्या-सहाव्या पानाला खुर्चीतच झोपी जातात आणि तो एकटाच वाचत राहतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरात एखादी वस्तू आणाल तेव्हा तिच्यातले किती तुमचे आणि किती तिकडचे, हे आधी विचारून घ्या. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या ओळखीत अशी कोणी बाई असेल, तर तिच्याजवळ बसून रोज एखादे पान वाचून दाखवा. अडखळलात तर थांबू नका. चुकलात तर फारच चांगले. ती जागी होईल.