जांभूळखोलच्या वळणावरची कमान

समिती सकाळच्या पारी येणार म्हणून बनाबाईनं वाडीतल्या बाया औक्षणाची ताटं घेऊन वळणावर उभ्या केल्या होत्या, आणि आता ऊन डोक्यावरून मागं सरलं तरी समितीचा पत्ता नव्हता. मे महिन्यातलं ऊन ते! डांबर पायाला चटके देत होतं. ताटातली फुलं माना टाकून बसली होती आणि बायांची तोंडं सुटली ती सुटलीच.

“सरपंचबाई, तुजी समिती येतीया का आमी आपल्या रानात जाऊ?”

“येतीया की. जरा दम धर.”

“दम धरून धरून दम जायची येळ आली गं बाई.”

बनाबाईनं पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. तिचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता.

समिती म्हणजे विधिमंडळाची समिती. सरकारनं कुठं रस्ता केला, कुठं पूल बांधला, ठेकेदाराला काम कसं दिलं आणि त्यानं ते कसं केलं, याचा जाब विचारणारी आमदार मंडळी. एरवी मुंबईत बसून साहेब लोकांची हजेरी घेतात, वाटलंच तर गाड्या काढून जाग्यावर येतात. अठ्ठ्याण्णव साली ती कोल्हापूर जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघाली आणि बनाबाईच्या तक्रारीमुळं शाहूवाडीच्या डोंगरातलं जांभूळखोल त्या दौऱ्यात आलं. नाहीतर या वाडीचं नाव शेजारच्या तालुक्याला ठाऊक नव्हतं, विधिमंडळाला कुठलं असणार!

तक्रार होती भिंतीची. रस्ता डोंगराच्या कडेनं जातो आणि बरोबर त्याच्या खाली, हाक मारली तर ऐकू यावी इतक्या जवळ, वाडीची घरं. रस्त्याचा भराव घरांवर घसरू नये म्हणून उताराच्या अंगाला उंच दगडी भिंत बांधलेली. बांधून होते न होते तोच भिंतीला पोट सुटलं. गेल्या पावसाळ्यात तर दगडांच्या फटींतून गढूळ पाणी वाहायला लागलं आणि वाडीच्या डोळ्याला डोळा लागेना. बनाबाईनं कचेरीत खेटे घातले. उत्तर एकच, भिंत मजबूत आहे. दिवाळीनंतर माणसं आली, फुगलेल्या जागी सिमेंटचा गिलावा केला, वर पांढरा रंग फासला आणि गेली. रंग मारून पोट आत जातं का कुणाचं? मग तिनं थेट समितीकडं तक्रार धाडली. पावसाआधी ही भिंत उतरवा आणि नव्यानं बांधा, नाहीतर वाडी गाडली जाईल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

भिंतीचा ठेकेदार कोण, तर हंबीरराव. पांढरी जीप, पांढरे कपडे आणि जिभेवर अशी साखर की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन परत जावा. आणि हंबीररावांचा मुकादम कोण, तर पिराजी. म्हणजे बनाबाईचा नवरा.

इथंच सगळी गोम होती. पिराजी मिसरूड फुटल्यापासून हंबीररावांच्या हाताखाली राबलेला. घरावरची कौलं त्याच कामातून आलेली, थोरल्या लेकीचं लग्न हंबीररावांनी पुढं होऊन लावून दिलेलं. बायकोनं तक्रार केली त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “माज्या अन्नात माती कालवलीस.” तेव्हापासून घरात अबोला; अंथरुणाला खिळलेल्या सासूला, आत्तींना, मध्ये घालूनही तो सुटला नाही. वाढलं तर जेवायचा, दिलं तर पाणी प्यायचा, पण तोंडातून शब्द नाही. बनाबाईला ते फार जड जात होतं. तरी माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दूध डेअरीत फोन होता. तिथून एकेक खबर वर येत होती. आधी आली, “पन्हाळ्यावर हायत. झुणका-भाकर चाललीया.” मग बऱ्याच वेळानं दुसरी, “हंबीररावांच्या मळ्यात उतरल्यात. फेटं बांधून झालं, आता पंगत बसलीया. तांबडा-पांढरा रस्सा हाय.”

बनाबाईनं कपाळावर हात मारला. तांबडा-पांढरा म्हणजे दुपार गेलीच म्हणायची! त्यात वाढणारे कोल्हापूरचे. पाव्हणा नको म्हणाला की त्याच्या ताटात दोन पळ्या जास्त पडतात. आणि समितीला तर संध्याकाळच्या रेल्वेनं मुंबईला परतायचं होतं. हंबीररावांनी कुणाला धमकी दिली नाही, कुणाचा हात धरला नाही, नुसतं जेवायला घातलं. आता जेवायला घालणाऱ्याला वाईट कोण म्हणणार?

एवढं करूनही भिंतीपर्यंत यायची वेळ आलीच, तर त्याचीही तयारी होती. वळणावर, बरोबर भिंतीपाशी, मालकाच्या हुकमावरून पिराजीनं स्वागताची कमान उभी केली होती. एक कळक, म्हणजे जाड बांबू, डोंगराच्या अंगाला, दुसरा उताराच्या अंगाला, वर आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा आणि मधोमध ‘सुस्वागतम’. गाड्या हॉर्न वाजवत कमानीखालून निघून जाव्यात, पाहुण्यांनी काचेतून हात जोडावेत आणि कागदावर ‘पाहणी केली’ असं पडावं, असा बेत. पिराजी नवा फेटा बांधून कमानीखाली उभा होता. बायकोकडं त्यानं नजरसुद्धा वळवली नाही.

उन्हं उतरायला लागल्यावर गाड्या दिसल्या. पुढं पांढरी मोटार, मागं जिपा, धुरळा उडवत भरधाव येत होत्या. थांबायचा विचारच दिसेना.

“बायांनो, आडव्या ऱ्हावा गं!” बनाबाई ओरडली आणि ताट घेऊन स्वतः आधी रस्त्याच्या मधोमध गेली.

ओवाळायला बाया आडव्या उभ्या राहिल्यावर गाडी पुढं काढायची कुणाची टाप आहे? पहिली मोटार करकचून थांबली. मागच्या जीपमधून हंबीरराव पळत आले.

“वैनी, काय ह्ये? सायबांची रेल्वे हुकंल. खिडकीतनंच ओवाळा की.”

“खिडकीतनं ओवाळत्यात व्हय? पाव्हणं खाली उतरल्याबिगर मी कुकू लावायची न्हाय.”

अध्यक्ष उतरले. मराठवाड्याकडचा म्हातारा, किडकिडीत शेतकरी माणूस. जेवणानं डोळे जड झाले होते. बनाबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आत बोलायला सुरुवात केली.

“सायेब, तक्रार माजी हाय. ही बगा ती भिंत.”

खात्याचे इंजिनियर शिवप्रसाद चटकन मध्ये आले. “सर, ही पूर्ण सिमेंटच्या मसाल्यातली दगडी भिंत आहे. एकदम नियमानं.”

अध्यक्ष कडेला गेले, वाकून पाहिलं, हातानं थापटलं. भिंत पांढरीशुभ्र, नवरीसारखी सजवलेली. “बाई, मला तर चांगली दिसते.”

“वरनं चांगलीच हाय. आत बगा की.”

“आत कसं बघणार, फोडून?” शिवप्रसाद हसले. “सर, त्याची पद्धत आहे. नमुना काढायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा.”

“मग पाठवा. अहवाल कधी येईल?”

“दिवाळीपर्यंत नक्की, सर.”

दिवाळीपर्यंत! मिरीग, पावसाचं पहिलं नक्षत्र, तोंडावर आला होता. बनाबाई पुढं झाली. “सायेब, दिवाळीला वाडीत दिवा लावायला तरी कोन ऱ्हाईल का?”

अध्यक्षांना ते लागलं असावं. त्यांनी सोबतच्या कारकुनाला ‘अहवाल तातडीनं’ असं लिहून घ्यायला सांगितलं. पण घड्याळही पाहिलं, आणि मोटारीकडं वळले. संपलं सगळं. बनाबाईला रस्ता डोळ्यांसमोर धूसर दिसायला लागला, आणि हंबीरराव मोटारीचं दार उघडून हसत उभे राहिले.

जाता जाता अध्यक्ष कमानीपाशी थबकले. वारं सुटलं होतं, डहाळे फडफडत होते, पण कमान जागची हलत नव्हती. पाहुण्यानं निघताना काहीतरी बरं बोलावं म्हणून ते म्हणाले, “कमान मात्र झकास केलीत हो. एवढ्या वाऱ्यात टिकली कशी?”

कित्येक दिवसांत पिराजीशी कुणी बरं बोललं नव्हतं. त्याची छाती फुगली.

“मी केली जी! लोकं वाळूच्या पिपात कळक हुबं करत्यात, मग ते वाऱ्यानं कलंडतंय. आपलं काम तसलं न्हाय. रोवून पक्कं केलंय.”

“रोवलेत? मग चांगलाच घाम निघाला असेल.”

“डोंगराकडच्यानं काढला की! कातळ लागला जी, पहार नुसती उडाय लागली. ह्या अंगाचा मातर कायबी तरास न्हाय. दोन दणकं दिलं आन कमरंएवडा आत!”

बोलला आणि मोठ्यानं हसला. मग दुसरं कुणीच हसेना, तसा त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

ह्या अंगाचा म्हणजे भिंतीचा. सिमेंट-दगडाच्या भिंतीच्या डोक्यात दोन दणक्यांत कळक कमरेएवढा गेला होता, आणि ते सांगत होता ती भिंत बांधणाराच! काय म्हणावं आमच्या माणसांना? पाव्हण्याच्या मानात कमी पडायला नको म्हणून जिवाचा आटापिटा करतील, आणि त्या नादात आपण पहार कुठं घालतोय हे बघणार नाहीत. हंबीररावांनी तो कळक पाहिला होता, इंजिनियरनं पाहिला होता, आणि खोटं कशाला बोला, सकाळपासून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बनाबाईनंही पाहिला होता. झेंडूच्या माळांपलीकडं कुणाची नजर गेली नव्हती.

अध्यक्षांची झोप उडाली. “कळक उपसा.”

“सर, रेल्वेची वेळ होतेय,” शिवप्रसाद म्हणाले.

“रेल्वे उद्याही असते. उपसा म्हणतो ना!”

पिराजीनं दोन्ही हातांनी कळक धरला, गदागदा हलवला आणि वर ओढला. माळा तुटल्या, कमान एका अंगाला झुकली. अध्यक्ष तिथंच गुडघ्यावर बसले, भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि मूठभर लाल माती बाहेर काढली.

“याला सिमेंटचा मसाला म्हणतात का हो, इंजिनियर साहेब?”

शिवप्रसादांनी हंबीररावांकडं पाहिलं. बोलले ते हंबीरराव, आणि तेही जराही न अडखळता.

“सायेब, मी असतो कोल्हापुरात. हितलं सगळं ह्या मुकादमाच्या भरवशावर. सिमेंट ह्येनंच बाहेर विकलं असणार. सोडत न्हाय, उद्याच पोलिसात देतो.”

पिराजीनं मालकाकडं पाहिलं. एवढा आडदांड गडी, पण मारलेल्या पोरासारखा उभा राहिला.

हंबीरराव सरकत बनाबाईजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “वैनी, अजून वेळ गेल्याली न्हाय. तक्रार मागं घेते म्हना, पुढचं मी निस्तरतो. पिराजीच्या केसाला धक्का लागायचा न्हाय. न्हायतर त्येच्या हातात बेड्या पडतील. बगा बाई, तुमीच ठरवा.”

“सरपंच,” अध्यक्षांनी विचारलं, “तुमची तक्रार कायम आहे का?” कारकुनानं पेन उघडलं.

बनाबाईनं कडेवरून पाहिलं. खाली वाडीतल्या घरांवर वळणाची सावली पडली होती. दोऱ्यांवर धुणी वाळत होती. आणि इथं, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, तिचा नवरा होता. अबोला असला म्हणून काय झालं? तिला हंबीररावांचा संताप आला, पिराजीचा आला, आणि सगळं आपल्याच जिभेवर आणून ठेवणाऱ्या नशिबाचाही आला.

“कायम हाय,” ती म्हणाली. आवाज फाटला, तशी ती मोठ्यानं बोलली. “आन भिंत माज्या नवऱ्यानं बांधलीया. त्येचं नाव लिवा. पन एकट्याचं लिवू नगा, सायेब. माती त्येनं भरली, पर भर म्हननारं तोंड दुसऱ्याचं हुतं.”

हंबीररावांच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. कारकून पिराजीकडं वळला. “पूर्ण नाव सांगा.”

पिराजीनं फेटा काढला आणि काखेत धरला. “नाव मागनं लिवा जी. आदी खालची मानसं हलवा.”

“म्हणजे?”

“हितनं त्या वळणाच्या टोकापतूर समदी मातीच हाय. दगूड नुसता तोंडाला लावलाय. सिमेटाची गाडी आलीच न्हाय. मालक म्हनलं, माती भर. मी भरली. पाऊस ऱ्हाऊ द्या, भरलेला ट्रक हितं जरा येळ हुबा ऱ्हायला तरी ह्ये समदं खाली जाईल. पाया पडतो जी, आदी मानसं हलवा.”

“पिराज्या!” हंबीरराव ओरडले. पिराजीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अध्यक्षांनी आपल्या गाड्या तिथून मागं घ्यायला लावल्या. रस्ता बंद करा, माणसांना राहायला पलीकडच्या अंगाची शाळा उघडा, भिंत उतरवायला उद्यापासून माणसं लावा, हुकमावर हुकूम सुटले. शिवप्रसाद डेअरीतल्या फोनकडं पळाले. बाया ताटं तिथंच टाकून आरडाओरडा करत घरांकडं धावल्या.

बनाबाई मात्र धावली नाही. ती पिराजीसमोर गेली.

“अवं, तुमास्नी ठावं हुतं?”

“व्हय.”

“गेल्या पावसाळ्यातबी? मी, आत्ती, पोरं, समदी ह्येच्याखाली निजत हुतो तवाबी?”

पिराजी आपल्या मातीनं भरलेल्या हातांकडं बघत राहिला.

“मीबी तितंच निजत हुतो की,” तो म्हणाला.

बनाबाईला त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंही वाटलं. दोन्हीतलं तिनं काहीच केलं नाही. ती पायवाटेनं घराकडं उतरायला लागली, आणि थोडं खाली गेल्यावर मागं न बघताच म्हणाली, “चला लौकर. आत्तीस्नी उचलून आनाय लागंल.”